मदत हवी आहे: मुलांना हिब्रू लिहायला शिकवायचंय

नमस्कार मंडळी. सोलापुरात सात रस्त्याजवळ सातवी-आठवीच्या १२ मुलांचा लिप्यांचा छंदवर्ग घेते. आता हिब्रू काढलीय. अक्षरं २२च, पण त्यातल्या ५ अक्षरांचं रूप शब्दाच्या शेवटी बदलतं. उजवीकडून लिहिणं उर्दू येणाऱ्या दोघींना लगेच जमलं, बाकीच्यांचा हात अजून डावीकडेच जातो! खरी अडचण वेगळीच आहे. नेटवर छापील अक्षरं भरपूर, पण हाताने लिहायचं वळण निराळं. छापील आलेफ (हिब्रूतलं पहिलं अक्षर) गिरवून भागत नाही. पेन कुठून सुरू करायचं ते दाखवणारे व्हिडिओ, गिरवायचे कागद कुणाला माहीत आहेत का? वर्गात फोन एकच, तोही माझा. आणि टाइप करताना मराठी ओळीत हिब्रू शब्द टाकला की शब्दांचा क्रमच उलटापालटा होतो, त्यावर तुम्ही काय करता?