'लक्षणीय फरक' म्हणजे किती पोती?

खानापूरकर : भाचीनं भातावर प्रयोग केला. बारा तुकड्यांत धूळवाफ पेरणी, बारा तुकड्यांत लावण. दोन्हींच्या सरासरी उताऱ्याला टी-चाचणी लावली, म्हणजे दिसलेला फरक नुसत्या योगायोगाचा तर नाही ना, हे संख्याशास्त्रानं तपासलं. मराठी गोषवारा मी लिहिला : 'दोन गटांतील उताऱ्यात लक्षणीय फरक आढळला.' भावोजींनी विचारलं, "लक्षणीय म्हणजे एकरी किती पोती?" फरक पोतंभरही नव्हता. "मग लक्षणीय कशाला लिवलास?" 'सिग्निफिकंट'ला नेमका शब्द कोणता?

टिळकवाडी : 'सार्थक'. सार्थकता पातळी ०.०५. वर्गात मी हेच शिकवतो.

निपाणीकर : सर, सार्थक जन्माचं होतं, कष्टाचं होतं. फरकाचं कसलं सार्थक? पेरणीनं काही फरक पडत नाही असं धरलं, तर नुसत्या योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता शंभरात पाचाहून कमी, एवढंच म्हणायचंय ना? मग फरक पोत्याचा असो की पायलीचा. 'योगायोगापलीकडचा फरक' लिहा.

टिळकवाडी : ही व्याख्या झाली, शब्द नव्हे. तक्त्याच्या रकान्यात कशी बसवणार?

काकतीची : भाषांतराचा हट्ट कुठवर जातो ते सांगते. आमच्या नोट्समध्ये 'विद्यार्थी टी-चाचणी' छापलेलं. मला वाटायचं, मुलांच्या मार्कांसाठीच असते ती. 'स्टुडंट' हे विल्यम गॉसेटचं टोपणनाव! डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत कामाला होता. मोजक्या नमुन्यांवरून सरासरीबद्दल किती खात्रीनं बोलता येतं, हे त्यानं १९०८ साली त्या नावानं मांडलं. टोपणनावाचं कुणी भाषांतर करतं का? सिग्निफिकंट तसाच राहू दे.

शहापूरकर : मग उद्या सरासरीचंही 'मीन' कराल. शब्द मूळचा फारसी, पण आमच्या बांधाला बांध लागून असलेले कन्नड शेतकरीही 'सरासरी'च म्हणतात. 'माध्य' म्हटलं तर दोघांनाही कळणार नाही.

टिळकवाडी : सरासरी म्हणजे अंदाजे, हाही अर्थ आहे. आमची आजी "सरासरी दोन शेर घाल" म्हणायची. शास्त्राला असा सैल शब्द चालत नाही, म्हणून माध्य.

शहापूरकर : सैल कसला ओ? रोज किती लागतं याचा हिशेब आजीच्या डोक्यात पक्का असणार, म्हणून तर ती दोन शेर म्हणायची.

खानापूरकर : माझा प्रश्न राहिलाच. आता भावोजी विचारतात, 'दोन गटांतील' म्हणजे कुठले गट नंबर? त्यांची थोडी जमीन चंदगडकडं आहे, तिथल्या उताऱ्यावर गट नंबरच असतो.

निपाणीकर : 'दोन संच' लिहा.

टिळकवाडी : नको. गणितात संच वेगळा.

काकतीची : आणि 'उतारा' पण बदला. तुम्ही भाताचा लिहिलात, भावोजी सातबाराचा वाचतील.