नकार आधी लेखी मागून घ्या
अमेरिकेत दिव्यांगांना नोकरीसाठी मदत करणाऱ्या सरकारी व्यावसायिक पुनर्वसन सेवेतील समुपदेशकाशी पटेनासे झाले की त्याच्या निर्णयाविरुद्ध थेट अपील करावे, असे मत या चर्चेत मांडले गेले; ते मला अर्धेच पटते. अपिलाचा हक्क आहेच आणि अर्ज केल्यापासून साधारणपणे 60 दिवसांत निःपक्षपाती अधिकाऱ्यापुढे सुनावणी व्हावी लागते. पण तोंडी नकाराविरुद्ध तिथे दाखवणार काय? माझ्या अंध भावाला स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) "योजनेत", म्हणजे त्याच्यासाठी आखलेल्या नोकरीच्या आराखड्यात, "बसत नाही" असे फोनवर सांगण्यात आले, तेव्हा त्याने त्याच संध्याकाळी ईमेल करून नकाराचे कारण आणि नियम लेखी मागितला, आणि पुढे तोच ईमेल त्याच्या कामी आला.

इथे कोणी न मांडलेली बाब म्हणजे क्लायंट असिस्टन्स प्रोग्रॅम. 1973 च्या पुनर्वसन कायद्याखाली प्रत्येक राज्यात असलेली ही मोफत मदत समुपदेशकाशी बोलणी करण्यापासून सुनावणीत बाजू मांडण्यापर्यंत उपयोगी पडते. दोन्ही बाजू राजी असतील तर मध्यस्थीही होते आणि तिचा खर्च राज्य उचलते. शिवाय वाद सुरू असताना, फसवणुकीसारखा प्रकार नसेल तर, मंजूर योजनेतील सुरू असलेल्या सेवा परस्पर थांबवता येत नाहीत, हे न कळल्यामुळे कित्येक जण भीतीपोटी तक्रारच करत नाहीत, याचे फार वाईट वाटते.