मदत हवी आहे: एकॉर्नच्या पिठाचा तुरटपणा जाता जात नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोपासून तासाभरावर राहतो. मागच्या अंगणात व्हॅली ओकचं जुनं झाड आहे. त्याची फळं, म्हणजे एकॉर्न, दरवर्षी मी झाडून कचऱ्यात टाकायची. यंदा तीन बादल्या भरल्या आणि टाकवेना.

कारण असं की उन्हाळ्यात पाईन ग्रोव्हजवळचा ग्राइंडिंग रॉक पार्क पाहून आलो. तिथे चुनखडकाचा एक मोठा सपाट कातळ आहे आणि त्या एका कातळात १,१८५ उखळं आहेत. मिवोक या इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या बायकांनी पिढ्यानपिढ्या एकॉर्न कुटून कुटून पडलेले खळगे. मिवोक भाषेत त्यांना 'चॉसे' म्हणतात. मला आजोळच्या पडवीत जमिनीत पुरलेलं उखळ आठवलं आणि तिथून पाय निघेना. शेती न करता हे लोक हजारो वर्षं या फळांवर जगले. शरद ऋतूत गोळा करायची, वाळवून कणगीसारख्या उंच कोठ्यांत साठवायची, लागेल तशी फोडून, पाखडून, कुटून पीठ करायचं. मग वाळूत उथळ खळगा करून त्यात पीठ पसरायचं आणि वरून पाणी ओतत राहायचं, तुरटपणा धुऊन जाईपर्यंत. पेज शिजवायची ती विणलेल्या टोपलीत! टोपली इतकी घट्ट विणलेली की पाणी गळत नाही, आणि त्यात विस्तवात तापवलेले दगड सोडायचे.

आता माझी अडचण. दोन घाणे वाया गेले.

पहिल्या वेळी फळं फोडून तुकडे उकळले. पाणी काळ्या चहासारखं झालं की ओतून द्यायचं, नळाचं गार पाणी घालून पुन्हा उकळायचं, असं आठ वेळा केलं. तरी हिरडा चघळल्यासारखी जीभ आखडते. दुसऱ्या वेळी मिक्सरमधून भरड काढली आणि बरणीत गार पाण्यात ओट्यावर ठेवली. रोज पाणी बदललं, पण चौथ्या दिवशी फेस आला, आंबूस वास सुटला. टाकून द्यावं लागलं. फार वाईट वाटलं.

कुणी हे स्वतः केलं आहे का? उकळणं बरोबर की गार पाणी? आमच्या गावाकडे ठाकर बायका कडू कंद राखेच्या पाण्यात उकडून रात्रभर ओढ्यात ठेवायच्या, तशी राख इथे चालेल का? आणि याची थालीपिठं थापता येतील का? पहिल्या घाण्याचं पीठ मळलं तर वाळूसारखं सुटत होतं.

आणखी एक. लेकीला शाळेत 'शेतीच्या आधीचा आहार' या विषयावर लिहायचं आहे. माझे दीर पॅलिओ, म्हणजे अश्मयुगातल्या माणसासारखा, आहार करतात. ते म्हणतात, अश्मयुगातला माणूस मांसच खायचा, पिष्टमय खाणं शेतीनंतरचं. मला पटत नाही, पण ठामपणे सांगता येईना.

प्रतिसाद

ताई, मी कॅलिफोर्नियातच चार वर्षं करते आहे. तुमच्या वर्णनात मला तीन गोष्टी दिसल्या.

कवचाच्या आत दाण्याला चिकटलेली पातळ तपकिरी साल काढली होती का? नसेल तर निम्मा तुरटपणा तिथेच आहे. फळं आधी चांगली वाळवा, मग ती साल चोळून आणि पाखडून निघते. शेंगदाण्याची फोलपटं काढतो तसंच.

उकळायचंच असेल तर दोन पातेली ठेवा. एकातलं पाणी ओतलं की दुसऱ्यातलं उकळतं पाणीच घाला. मध्ये गार पाणी पडलं की तुरटपणा धरून बसतो, असा माझा अनुभव आहे. लोखंडी भांडं नको, फळातल्या टॅनिनमुळे (तुरटपणा त्याचाच) सगळं काळं पडतं. पण उकळल्यावर त्यातलं पिष्ट शिजून जातं, म्हणून तुमचं पीठ सुटलं. ते तुकडे उसळीत घाला, थालीपिठासाठी गार पाण्याचीच पद्धत.

आणि ती तर आपल्याला येतेच! कुरडईसाठी गव्हाचा चीक काढतो ना, अगदी तसं करा. पीठ जितकं बारीक तितकं लवकर धुतलं जातं, म्हणून पाणी घालून गंधासारखं वाटा. बरणी फ्रिजमध्ये ठेवा, ओट्यावर नाही. सकाळ-संध्याकाळ वरचं पाणी अलगद निथळायचं, खालचा पांढरट साका हलू द्यायचा नाही, तेच खरं पिष्ट. ताजं पाणी घालून ढवळून पुन्हा ठेवा. दिवस मोजू नका, रोज चिमूटभर चाखा. मला कधी पाच दिवस लागतात, कधी दहा. शेवटी मलमलच्या फडक्यात घट्ट पिळा. राखेची गरज पडणार नाही.

भोक पडलेली, पाण्यावर तरंगणारी फळं आधीच काढा, आत अळी असते. बुरशी दिसली तर पूर्ण टाका. घरात कुणाला अक्रोड-बदामाची ॲलर्जी असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

प्रतिसाद

आहाराच्या प्रश्नापुरतं लिहितो.

इस्रायलमध्ये गॅलिलीच्या समुद्राकाठी ओहालो-२ नावाची वस्ती सापडली आहे, सुमारे २३,००० वर्षांपूर्वीची. शेतीच्या कितीतरी आधीची. तिथे रानटी जव आणि गव्हाबरोबर एकॉर्नही मिळाले, आणि दगडावर धान्य वाटल्याच्या खुणाही. मोरोक्कोतल्या ताफोराल्त गुहेतला पुरावा तर दातांतच आहे. १५,००० ते १३,७०० वर्षांपूर्वीचे हे लोक शिकार करून, रानातलं वेचून जगत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या प्रौढांचे निम्म्याहून अधिक दात किडलेले आढळले. गुहेत जळालेले एकॉर्न आणि पाईनच्या बिया सापडल्या. चिकट, पिष्टमय खाणं रोजचं असल्याशिवाय दात असे किडत नाहीत. जपानमध्ये जोमोन काळातले, म्हणजे भातशेती येण्याआधीचे, लोकही एकॉर्न खड्ड्यांत साठवत.

शिकार होतीच, दीर तेवढं बरोबर सांगतात. पण माणूस एकाच गोष्टीवर जगला असं म्हणता येत नाही. उत्तरेच्या बर्फाळ भागात मांस जास्त, ओकच्या जंगलाशेजारी एकॉर्न जास्त. जिथे जे पिकलं ते.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. तिसरा घाणा जमला! ती तपकिरी साल मी ठेवत होते, तीच चूक. सहाव्या दिवशी चाखलं तर तुरट अजिबात नाही, थोडं भिजवलेल्या शेंगदाण्यासारखं लागलं. कोरियन दुकानात एकॉर्नचं पिष्ट विकत मिळतं, त्याच्या पाकिटावर अर्ध्या वाटीला तीन वाट्या पाणी लिहिलं होतं. त्याच मापाने माझ्या साक्याचा चीक घाटला, मीठ घातलं, थाळीत ओतून गार केला. तपकिरी, थरथरणाऱ्या वड्या पडल्या. कोरियात याला दोतोरीमुक म्हणतात. आम्ही तिळाचं तेल आणि हिरवी मिरची घालून खाल्ल्या. लेकीने दोन डब्यात नेल्या.

फडक्यात उरलेला चोथा वाळवून दळला आहे, साधारण दोन वाट्या. थालीपिठाच्या भाजणीत तो चौथा हिस्सा घातला तर उडदाच्या चिकटपणावर धरून राहील का? कुणी केलं असेल तर प्रमाण सांगा, रविवारी थापणार आहे.