प्रतिसाद: इलेक्ट्रॉन आपोआप सुटत नाही

सौर सेलबद्दल ‘प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतो, वीज मिळते’ असं तुम्ही वर लिहिलंय. सिलिकॉनमध्ये जवळपास तसंच घडतं. सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रेणूंच्या, पदार्थापासून केलेल्या सेलमध्ये मात्र इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, एकमेकांना घट्ट धरून राहतात. ही जोडी, एक्सिटॉन, साधारण १० नॅनोमीटर सरकते आणि विझते. तेवढ्यात इलेक्ट्रॉन ओढून घेणारा रेणू शेजारी हवाच. १९९२ मध्ये सारिचिफ्त्ची, हीगर या शास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी पॉलिमरवरून (लांब साखळीच्या रेणूवरून) सी-६० वर, म्हणजे साठ कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या रेणूवर, इलेक्ट्रॉनची ही उडी दाखवली. पिकोसेकंदाच्याही (सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्याही) आत! मला यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं.

अडचण टिकण्याची. आमच्या सांगलीत हळदीचा डाग उन्हात टाकला की फिका पडतो, कारण प्रकाशाने हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, कर्क्युमिन, तुटतं. सेंद्रिय सेललाही ऊन आणि ऑक्सिजन मिळून नडतात. म्हणून तो हवाबंद करावा लागतो.