शंखातून खेकडा निघाला, जगवायचा कसा?

राजारामपुरीकर:
काल मालवणहून परतलो. लेकीनं वेचलेले शंख टेबलावर होते, त्यातला एक रात्री चालायला लागला! वाटीत नळाचं पाणी घालून ठेवलाय. शेतातल्या खेकड्यासारखा जगेल का? आणि यानं गोगलगाय मारून घर बळकावलं का, असं लेक विचारतेय. झोपली नाही पोरगी.

घाटाखालची:
दादा, आधी त्या पाण्यातून काढा, गोड्या पाण्यात मरेल तो. कल्ले ओले राहायला हवेत. ओल्या फडक्यात, भोकं पाडलेल्या डब्यात, सावलीत ठेवा आणि लवकर समुद्रावर पोचवा. शंख तो सहसा मेलेल्या गोगलगाईचाच घेतो. पोट मऊ, पिळलेलं. शेवटच्या आकड्यांनी शंखाचा मधला दांडा आतून धरतो. ओढू नका, तुटेल पण सोडणार नाही. वाढला की मोठा शंख शोधतो. कधी लहान-मोठ्यांची रांगच लागते, पहिला नव्या घरात गेला की मागचे एकेक सरकतात. म्हणून मी रिकामे शंखही घरी आणत नाही.

ओढ्याकाठचा:
आपला ओढ्यातला खेकडा वेगळा. नांग्यांमागे पायांच्या चार जोड्या; शंखवाल्याच्या दोनच बाहेर दिसतात. आपली मादी पिल्लं पोटाखाली बाळगते, याची पिल्लं समुद्रात तरंगत वाढतात.

राजारामपुरीकर:
मावसभाऊ पहाटे गगनबावड्यामार्गे देवगडला निघालाय. डबा दिलाय. बाकीचे शंखही लेकीनं स्वतःहून त्यात घातले.