मदत हवी आहे : हे स्वप्न नाही, हे सिद्ध कसं करायचं?

मंडळी, राम राम. मी अमळनेर तालुक्यातला शेतकरी. भाची तत्त्वज्ञानात एम.ए. करतेय. परवा शेतात भरीत पार्टी होती, तिथे ती म्हणे, "मामा, हे भरीत स्वप्नातलं नाही, सिद्ध करा!" मी म्हटलं, मिरचीचा ठसका लागला की कळेल. तर म्हणे, ठसका स्वप्नातही लागतो. सगळे हसले, माझी झोप उडाली.

तिची वही वाचली. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६४१ मध्ये हाच संशय ताणला आणि 'मी विचार करतो, म्हणजे मी तरी आहेच' इथे पाय रोवले. पण बाहेरचं जग परत मिळवायला त्याला देव लागला! मूर या इंग्रज तत्त्वज्ञाने १९३९ मध्ये सरळ आपले हात दाखवले: हा एक, हा दुसरा, म्हणजे बाह्य जग आहे. मला हे पटलं. भाची म्हणते, जे सिद्ध करायचं तेच त्याने गृहीत धरलं. विट्गेनस्टाइन या आणखी एका तत्त्वज्ञाचं म्हणणं, दार फिरायचं तर बिजागरी जागेवर हवी. संशय घ्यायलाही काही गोष्टी पक्क्या धराव्याच लागतात.

पण बिजागरी खरी, की नुसती सोयीची? इथेच गाडी अडली.

जाणकारांनी सांगावं. आणि आपल्याकडच्या जयराशी भट्ट या जुन्या तत्त्वज्ञाने तर प्रत्यक्षासकट (म्हणजे डोळ्या-कानांनी कळतं त्यासकट) सगळीच प्रमाणं, म्हणजे खरं ज्ञान मिळवायची साधनं, उडवली. त्याला काय उत्तर देता येतं? मराठीत, माझ्यासारख्याला झेपेल असं काही आहे का? अमळनेरात १९१६ पासूनचं तत्त्वज्ञान मंदिर, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था, आहे, पण मी आजवर बाहेरूनच बाजाराला गेलो. तिथे जाऊन नेमकं काय मागू?

दिवाळीला भाची परत येतेय, जरा लवकर सांगा.