मदत हवी आहे: जुन्या डिझेल एसयूव्हीत ब्लो-बाय (पिस्टनच्या कडेने इंजिनच्या खालच्या भागात, म्हणजे क्रँककेसमध्ये, निसटणारा वायू) किती चालतो?

लॅडर फ्रेमची, पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह, सव्वा लाख किलोमीटर झालेली डिझेल एसयूव्ही बघतोय. इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करून पाहिलं (आधीच गरम करून ठेवलेली गाडी तपासण्यात अर्थ नाही). पहिल्याच सेल्फला सुरू झाली, निळा-पांढरा धूर नाही, कूलंटवर तेलाचा तवंग नाही.

अडलंय ते पुढे. इंजिन तापल्यावर ऑइल फिलर कॅप उलटी करून तोंडावर ठेवली की आयडलला थरथरते, पण उडत नाही. डिपस्टिकच्या नळीतून धूर नाही. टर्बोकडे जाणाऱ्या होसमध्ये तेलाचा पातळ थर आहे. क्रँककेसची वाफ तिथेच सोडलेली असते, त्यामुळे तेवढं चालायचंच. पण पिस्टन रिंगा झिजल्यात की नुसता ब्रीदर (ही वाफ बाहेर सोडणारा मार्ग) तुंबलाय, हे कसं ओळखायचं? कॉम्प्रेशन टेस्टला (सिलिंडरमधला दाब मोजायला) ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग, काढावे लागतील. जुने प्लग हेडमध्येच तुटतात, म्हणून मालक तयार नाही, आणि त्याचं चूक नाही. स्टार्टरच्या करंटवरून सिलिंडरांची तुलना करता येते, पण चारही सारखेच झिजले असतील तर त्यात काहीच दिसणार नाही.

शिवाय स्कॅनरवर एकही फॉल्ट कोड नाही, मात्र रेडिनेस मॉनिटर (गाडीचा कॉम्प्युटर स्वतः करतो त्या तपासण्या) अपूर्ण आहेत. कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती, असं दिसतंय. किती किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करावं? आणि लो रेंज (फोर-व्हीलचा कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर) टाकल्यावर त्याचा दिवा लुकलुकतच राहतो: तो गिअर टाकणारी शिफ्ट मोटर आधी तपासू की तो बसला का हे कळवणारा पोझिशन स्विच?